सुटलेला फोन एकही नाही

मी जुना नाही, मित्रांनो. स्वतःची कहाणी सांगायला बसतात ती झाडं, छत्र्या, बैलगाड्या वयानं मोठी असतात. मला येऊन दोनच पावसाळे झाले आहेत. अंगावरचं प्लॅस्टिक अजून कोपऱ्यात चिकटलेलं आहे. पण पश्चात्तापाला वय लागत नाही, म्हणून बोलतो.

मी एक टेलिफोन आहे. तारा आणि खांब असलेल्या जुन्या घराण्यातला मात्र नाही. मी इंटरनेटवरून बोलतो. माझं निम्मं अंग कारंजा लाडच्या अलीकडे, धनजच्या रस्त्यावर, एका रोपवाटिकेच्या टेबलावर बसलेलं असतं. काळा फोन, छोटा पडदा, शेजारी भिंतीवर लुकलुकणारा डबा. उरलेलं निम्मं अंग कुठल्याशा शहरात, थंड खोलीतल्या संगणकात राहतं. ते मी स्वतःही पाहिलेलं नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. इथली वीज गेली की माझं टेबलावरचं अंग मरतं आणि आली की उठतं. त्यामुळे माझ्या गोष्टीत मधे मधे खळगे आहेत. तिथे थोडं थांबा. वीज येते.

*

ही रोपवाटिका दौलतरावांची. हिरव्या जाळीखाली काळ्या ट्रेमध्ये मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी यांची बोटभर रोपं रांगेनं उभी असतात. शेतकरी येतात, ट्रे उचलून नेतात. आणि दौलतरावांची म्हणायची, पण चालते ती त्यांच्या बायकोच्या, सीताबाईंच्या जिवावर.

माझ्या आधी इथे सीताबाईंचा एक बटणांचा मोबाईल होता. तो त्यांच्या कमरेच्या पिशवीत असे. हात मातीत, मान वाकडी, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला, अशा त्या बोलत. एकाशी बोलत असताना दुसऱ्याचा फोन लागत नसे. मग तो दुसरा शेतकरी दुसऱ्या रोपवाटिकेत जाई. म्हणून त्यांचा मुलगा सार्थक मला घेऊन आला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं जुन्या नंबरावर येणारे सगळे फोन माझ्याकडे वळवले आणि तो मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

फोन आला की मी अर्ध्या घंटीत उचलायचा आणि आधी एक आवाज ऐकवायचा, असं ठरलं. आवाज सार्थकच्या बायकोचा, तनुजाचा. पंखा बंद करून, कोंबड्या हाकलून तिनं तो भरला.

"नमस्कार. दौलत रोपवाटिकेत आपलं स्वागत आहे. भाजीपाल्याच्या रोपांसाठी एक दाबा. फळझाडं व फुलझाडांसाठी दोन दाबा. आधी दिलेल्या मागणीच्या चौकशीसाठी तीन दाबा."

सीताबाईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "सूनबाई, घरात बी अशी गोड बोलत जाय कधी."

"घरात कुठं दाबायले बटन हाय, आई," तनुजा म्हणाली. "घरात तुमी न दाबताच कामं सांगता."

दोघी हसल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसणं ऐकलं. माझ्यात ते भरून ठेवायची सोय नव्हती.

*

माझं कौतुक फार झालं, मित्रांनो. अनसिंगहून एक पाहुणे आले होते. ते अंगणात जाऊन स्वतःच्या मोबाईलवरून मला फोन लावत, तनुजाचा आवाज ऐकत आणि आत येऊन सांगत, "बँकेवानी वाटते राजेहो." एकाच वेळी चार जणांचे फोन आले तरी मी चौघांना सांभाळत असे. संध्याकाळी सार्थकच्या मोबाईलवर मी दिवसाचा हिशेब पाठवी. तो वडिलांपुढे पडदा धरे.

"पाहा बाबा, सुटलेला फोन एकही नाही."

दौलतराव मान डोलावत. सीताबाईंना मात्र करमत नसे. "हा फोन पह्यल्यासारखा वाजत नाई," त्या म्हणत. "दिवसभर घरात कोनी नसल्यावानी वाटते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. आलेल्या माणसानं आकडा दाबला, तरच मी टेबलावर वाजत असे. न दाबता गेला, तर तो आला आणि गेला हे घरात कोणाला कळत नसे. माझ्या हिशेबात मात्र त्याची नोंद 'उचलला' अशी होई. कारण मी उचललेला असे.

*

आता मला हिरीबाईंबद्दल सांगायला हवं.

टेकडीमागे एक तांडा आहे. हिरीबाई तिथल्या. त्यांच्याबरोबर पाच-सहा बायका येत आणि ट्रे भरणं, बी टोकणं, रोपं काढणं ही कामं करत. सीताबाई आणि हिरीबाई यांची मैत्री माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची. दोघी एका पाटीत भाकर खात. दसऱ्यानंतर तांड्यातली बरीच घरं ऊसतोडीला जात, तेव्हा तेवढे महिने दोघींची ताटातूट होई.

या दोघींचा फोन म्हणजे मिस कॉल. तुमच्याकडेही ही रीत असेल. घंटी वाजवायची आणि तोडायची. पूर्वी बोलायला पैसे पडत म्हणून ती सुरू झाली. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी ती गेली नाही, कारण तिच्यात दुसरीच एक सोय होती. ज्याला काम हवं त्यानं मिस कॉल द्यायचा. काम असेल तर समोरचा फोन लावतो. काम नसेल तर लावत नाही. म्हणजे मागणाऱ्याला तोंड उघडून मागावं लागत नाही आणि देणाऱ्याला 'नाही' म्हणावं लागत नाही. दोघांचाही मान राहतो. अशी ही शहाणी रीत होती. मला ती कोणी शिकवली नाही.

भाद्रपदातली दुपार. हिरीबाई आल्या. सोबत त्यांची नात रीता होती, शाळेच्या गणवेशात. टेबलाशी चहा झाला. ही सगळी बोलणी माझ्यासमोर झाली.

"रीता यंदा दहावीले हाय," हिरीबाई म्हणाल्या. "धरमसिंग म्हणते, पोट्टीले घेऊन चाल तोडीवर, मांगं कोनापाशी ठेवतं." धरमसिंग म्हणजे त्यांचा मुलगा, रीताचा बाप. "मी म्हटलं, मी राह्यते हिच्यापाशी. पन तांड्यात दोघीनं बसून खावं काय?"

"इथं या ना मंग दोघी," सीताबाई म्हणाल्या. "मांगची खोली रिकामी हाय. उन्हाळी मिरचीचं काम होळीपर्यंत पुरते. शाळा बी इथून जवळ."

"दौलतराव?"

"त्याईले विचारा लागन. मजुराचं ते पाह्यतात."

"विचार. घाई नाई. ट्रक यायच्या पह्यले मी मिस कॉल मारीन. जमलं त लाव फोन." हिरीबाईंनी बशी पालथी केली. "नाई जमलं त लावू नको. मले समजते."

"मोठी समजदार आली," सीताबाई म्हणाल्या.

रीता तेवढ्यात माझ्यापाशी आली होती. तिनं माझ्या बटणांवरून बोट फिरवलं, दाबलं एकही नाही. तनुजाला विचारलं, "वहिनी, तुमचा आवाज याच्यात राह्यते, त मंग वीज गेल्यावर कुठं जाते?" तनुजाला सांगता आलं नाही. मलाही आलं नस—

(वीज गेली.)

*

वीज आली तेव्हा संध्याकाळ होती. दौलतराव हातपाय धुऊन बसले होते आणि सीताबाईंनी विषय काढला होता.

"राहू दे ना," दौलतराव म्हणाले. "पोट्टी शिकून राह्यली त शिकू दे. त्यात मले विचारायचं काय?"

एवढंच. एका वाक्यात झालं. सीताबाईंनी दुसऱ्या दिवशी मागची खोली झाडली, खताच्या गोण्या बाहेर काढल्या, जमीन सारवली. सार्थककडून एक जास्तीचा दिवा लावून घेतला. "अभ्यासाले उजेड पायजे," त्या म्हणाल्या. मग त्या वाट पाहू लागल्या.

तुम्ही विचाराल, त्यांनीच फोन का लावला नाही? हिरीबाईंचा नंबर दरसाल बदले. जे सिम घरात चालू असेल ते त्यांचं. मिस कॉल यायचा, तेव्हाच यंदाचा नंबर कळायचा. आणि मनातून सीताबाईंना खात्री होती. हिरी फोन करणार नाही असं होईल कसं?

फोन आला, मित्रांनो.

पहिला आला तेव्हा मी अर्ध्या घंटीत उचलला. "नमस्कार. दौलत रोपवाटि—" पलीकडून तोडला गेला. दुसरा काही दिवसांनी आला. तोही तसाच तुटला. मिस कॉल देणाऱ्याला समोरून कोणी उचललं की दचकायला होतं. सीताबाई जाळीखाली वांग्याची रोपं मोजत होत्या. माझ्यापासून त्या हाकेच्या अंतरावर होत्या, पण मला हाक मारता येत नाही.

तिसऱ्या वेळी फोन तुटला नाही. तिकडे कोंबड्यांचा आवाज होता. कोणीतरी भांडी पोत्यात भरत होतं.

"…आधी दिलेल्या मागणीच्या चौकशीसाठी तीन दाबा."

"सीताबाई हाय काय?"

"कृपया आपला पर्याय निवडा."

"मी हिरी बोलते. तांड्यावरून."

"आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही."

मग हिरीबाई हळू आवाजात, पाहुण्यांच्या घरी बोलावं तसं म्हणाल्या, "तिले सांगजा, बाई, हिरीनं फोन केल्ता म्हनून."

"धन्यवाद," तनुजाचा आवाज म्हणाला, आणि ठरल्याप्रमाणे फोन बंद झाला.

ज्याला काम मागायचं आहे, त्याच्यासाठी आकडाच ठेवलेला नव्हता. दुष्टपणानं नाही. कोणाला सुचलं नाही.

(वीज.)

*

"तांड्याचा ट्रक गेला परवा," दौलतराव कारंजाच्या बाजारातून येऊन म्हणाले.

सीताबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "हिरीबाई?"

"गेली असन. घराले कुलूप हाय म्हणे."

"आन् रीता?"

"कुलूप हाय म्हटलं ना."

सीताबाईंनी तांब्या ठेवला. "एक मिस कॉल नाई मारला तिनं."

"आला असन, तुले कळला नसन," दौलतराव म्हणाले.

सार्थकनं लगेच मोबाईल काढला. माझ्यावर कोणी संशय घेतलेला त्याला खपत नसे. "बाबा, पाहा ना. महिन्याभरात सुटलेला फोन एकही नाही. आला असता त दिसला असता."

पडद्यावर शून्य होतं. त्या शून्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

सीताबाई रुसल्या. परक्यावर माणूस चिडतं, आपल्यावर रुसतं. "जायचं होतं त सांगून जायचं," त्या कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. "म्या खोली सारवली. तिले नातीची पर्वा नाई, त मी कायले जीव जाळू?" तांड्यावर जाऊन यावं, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं, असं त्यांच्या मनात एकदा आलं. त्यांनी चपलाही घातल्या होत्या. तेवढ्यात एक गाडी रोपं न्यायला आली आणि त्या वळल्या. नंतर खोलीत ट्रे ठेवले गेले. दिवा तिथेच राहिला, पण तो कोणी लावला नाही.

हिवाळा गेला. मी फोन उचलत राहिलो. एक दाबा. दोन दाबा. गिऱ्हाइकं वाढली, नवी जाळी उभी राहिली, माझं कौतुक झालं. दुपारी टेबलाशी कोणी नसे, तेव्हा मी माझ्यापाशीच वेगळ्या सूचना जुळवून पाही. काम हवं असल्यास चार दाबा. सीताबाई हव्या असल्यास नाव सांगा. नुसतंच वाजवून तोडायचं असल्यास काही दाबू नका, आम्ही ओळखतो. यातली एकही कोणाला ऐकू गेली नाही.

मार्चमध्ये सकाळी दहावीची मुलं रस्त्यानं जाऊ लागली. हातात पुठ्ठा, खिशाला पेन. सीताबाई पाण्याची नळी हातात घेऊन बघत उभ्या राहायच्या. ट्रे भरून पाणी खाली वाहायचं.

"रीता तिकडं देत असन काय वं पेपर?" त्यांनी तनुजाला विचारलं.

"तिकडं कसा देता येईन, आई? नाव इथल्या शाळेत हाय."

सीताबाईंनी नळी बंद केली.

*

होळीनंतर, ऊन तापायला लागल्यावर हिरीबाई आल्या. मागच्या दारानं नाही आल्या. गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या. मागे रीता. तिच्या अंगावर गणवेश नव्हता. बोटांवर, मनगटांवर उसाच्या पात्यांनी चिरलेल्या बारीक रेघा होत्या.

"वांग्याची थोडी रोपं पायजे होती," हिरीबाई तनुजाला म्हणाल्या.

सीताबाई आतून आल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटतं, दोघीही समोरचीनं आधी बोलावं म्हणून थांबल्या होत्या.

"लय मोठी झाली बापा तू," शेवटी सीताबाई म्हणाल्या. "मिस कॉल मारायले बी वेळ नव्हता."

"मारला ना."

"कवा?"

"तीनदा मारला. तुह्या फोनातली बाई लय गोड बोलते," हिरीबाई म्हणाल्या. "पन काम नाई देत."

तनुजाच्या हातातला ट्रे टेबलावर टेकला. सार्थक दारात उभा होता. त्याचा हात सवयीनं मोबाईलकडे गेला आणि तिथेच राहिला. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता. तेवढीच हालचाल खोलीत होती.

"म्या खोली सारवली होती, हिरीबाई," सीताबाई म्हणाल्या. "हे तर त्याच सांजेले हो म्हणले. दिवा लावला होता रीतासाठी."

"मले काय मालूम? मले वाटलं, दौलतराव नाई म्हणले असतीन. आन् तुले सांगायले जड जात असन."

"नाई म्हणले असते त मी येऊन सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं," हिरीबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "आपल्यात कोन सांगते?"

सीताबाई रीताकडे वळल्या. तिचा हात हातात घेतला, रेघांवरून अंगठा फिरवला. "पुन्हा असते परीक्षा. पावसाळ्यात. सार्थक फॉर्म भरन तुहा. तू इथं राय. आजी बी राहीन."

रीतानं हात सोडवला नाही. पण मान हलवली. "नको, आजी."

"काहून?"

"संगच्या पोरी पुढं गेल्या. मी वाचायले बसून पाह्यलं तिकडं. पुस्तक उघडलं की ऊसच दिसते. ओळी बी उसावानीच उभ्या राह्यतात, तोडत जावं वाटते."

ती हे हसून म्हणाली. त्या हसण्याला कोणी साथ दिली नाही.

रोपं दिली गेली. सीताबाई पैसे घेईनात, हिरीबाई पैसे दिल्याशिवाय रोपं उचलेनात. शेवटी हिरीबाईंनी पैसे माझ्याशेजारी ठेवले आणि दोघी निघाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्यामध्ये असं कधी झालं नव्हतं, असं तनुजा नंतर सार्थकला म्हणाली.

*

त्या संध्याकाळी तनुजा माझ्यापाशी येऊन बसली. "हा आवाज काढून टाका," ती सार्थकला म्हणाली. "मले ऐकवत नाई."

सीताबाई दारात होत्या. "आवाजाचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "आवाज राहू दे. पन याले आधी वाजू दे. लय वेळ वाजू दे. आमी आयकू, मंग उचलन तो."

सार्थकनं थोडी खटपट केली. काम फार सोपं होतं, मित्रांनो. एका जागी एक खूण बदलायची होती. ते आधीही तेवढंच सोपं होतं.

आता मी वाजतो. फोन वाजून थांबला की सीताबाई चिखलाच्या हातांनी धावत येतात, पडद्यावरचा नंबर पाहतात आणि उलट लावतात. बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याची रेंज गेलेली असते. "बोला भाऊ," त्या म्हणतात आणि खुर्चीत बसतात.

यंदा भाद्रपद आला आणि गेला. सीताबाईंनी मागची खोली पुन्हा मोकळी केली. तांड्यावरही त्या स्वतः जाऊन आल्या, दोनदा. हिरीबाईंनी चहा केला, नीट बोलल्या, दारापर्यंत पोचवायला आल्या. येऊन राहायचं मात्र बोलल्या नाहीत. "आता कायच्यासाठी राहू, सीताबाई?" एवढंच म्हणाल्या. सीताबाईंनी ते घरी येऊन दौलतरावांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

दसऱ्यानंतर ट्रक ह्याच रस्त्यानं गेला. वर पोती, भांडी, लाकडं, आणि त्यावर माणसं. सीताबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. ट्रकवरून एका मुलीनं हात वर केला. तनुजा म्हणाली, ती रीता होती. सीताबाई म्हणाल्या, "हो, तेच."

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याही दुकानात, दवाखान्यात, घरी येईल. त्याला जरूर आणा. तो कामाचा आहे, प्रामाणिक आहे. फक्त त्याला बसवाल त्या दिवशी एकदा विचार करा, की ज्याला आपल्याकडे काही मागायचं आहे पण मागता येत नाही, त्याच्यासाठी यात जागा कुठे ठेवली आहे. आणि आपल्या माणसाचा फोन आला नाही, तर यंत्राला विचारून गप्प बसू नका. पायात चपला घातल्याच असतील, तर तशाच निघा. गाडी थोडा वेळ थांबेल.

तांडा इथून लांब नाही. एस.टी. फाटकासमोर थांबते.